फोरमनचा अंगठा

रोज सकाळी पावणेसात वाजता एक माणूस माझ्या पायाशी वाकायचा. वयाने माझ्याहून सात वर्षांनी मोठा, अंगाने उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, पायांत धुतलेले कॅनव्हासचे बूट. मी सिंहगड रस्त्यामागच्या कालव्याकाठी सिमेंटच्या बाकावर बसलेलो असायचो. तो यायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ खाली वाकायचा, माझा उजवा मोजा घोट्यापर्यंत खाली सरकवायचा आणि नडगीवर अंगठा दाबून धरायचा. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचा. अंगठा उचलून कातडीकडे टक लावून बघायचा. मग कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "चला. रस्ता क्लिअर."

रस्ता क्लिअर नसला तर एवढंच विचारायचा, "काल काय खाल्लंत?"

ज्यांच्या घरात हृदयाचा पेशंट आहे त्यांना हा प्रकार काय ते केव्हाच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. हृदयाचा पंप कमजोर पडला की अंगात पाणी साठतं, आणि पाणी म्हटलं की ते खाली उतरणारच, म्हणून पाय सुजतात. अशा पायावर अंगठा दाबून काढला तर मळलेल्या कणकेत पडावा तसा खळगा तिथे राहतो. हे बघायला डॉक्टर लागत नाही, स्वतःचं स्वतःला बघता येतं. मला मात्र येत नव्हतं, कारण खाली वाकलं की मला दम लागायचा. बुटाची नाडी बांधायची म्हणजे माझ्यासाठी गडाची चढण होती. फोरमनला वाकता येत होतं. तोही माझ्यासारखाच हृदयाचा पेशंट, माझ्यासोबतच आजारी पडलेला. पण त्याला वाकता येत होतं आणि मला येत नव्हतं. या लेखात पुढे जे काही बरंवाईट येणार आहे, बहुतेक वाईटच, ते सगळं या एका वाकण्यातून आलेलं आहे.

आता कालव्यावर फिरायला येणाऱ्यांना आमच्या हृदयांचा इतिहास काय ठाऊक? त्यांना रोज दिसायचं ते असं, की एक वृद्ध, भारदस्त गृहस्थ बाकावर बसलेल्या एका टकलू माणसाचे पाय धरतो आणि चांगला पाच-सहा सेकंद वाकून राहतो. आठ-दहा दिवसांत लोक माझ्याकडे बघून हात जोडायला लागले. हास्यक्लबातले एक निवृत्त साहेब मला ओलांडून जायचे ते आता वळसा घालून जायला लागले. एक दिवस एका बाईंनी केळ्यांची फणी माझ्या शेजारी ठेवली आणि हळूच विचारलं, "महाराज, आपला मठ कुठे?"

मी डोळे मिटले आणि हात किंचित वर केला. खुलासा केला नाही. तुम्ही म्हणाल हा लबाडपणा आहे. आहेच. पण त्या दिवसांत फोरमन माझ्याहून सगळ्याच बाबतींत पुढे होता. निदान एका बाकावर तरी मी वर आणि तो खाली आहे, हे सुख मला सोडवेना.

फोरमनला हे केळ्यांवरून कळलं.  दुसऱ्या दिवशी त्या बाई आणि हास्यक्लब अगदी समोर असताना त्याने वाकून माझी नडगी दाबली आणि वर्कशॉपमध्ये मशीनच्या आवाजावर चढवायची सवय असलेल्या गळ्याने म्हणाला, "सर! पाय सुजलेत! पापड खाल्लेत ना परत?" माझा मठ तिथल्या तिथे बंद झाला.

आमची ओळख इस्पितळातल्या दोन खाटांच्या खोलीतली. मधे हिरवा पडदा. मी कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो. जिना चढताना धाप लागते म्हणून आधी वयाला, मग वजनाला, मग जिन्याला दोष देत देत शेवटी तिथे पोचलो होतो. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली, रक्तवाहिन्यांत काही अडकलेलं नव्हतं. हृदयाचा स्नायूच ताणून सैल पडला होता. आमच्या डॉक्टर मॅडमनी, वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून सांगितलं, "सर, तुमचं पंपिंग पंचवीस टक्के आहे."

त्या गेल्या आणि पडद्यापलीकडून आवाज आला, "किती आलं साहेब?"

"पंचवीस."

"मला बावीस," आवाज म्हणाला.

आणि हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो: मला बरं वाटलं. मरणाच्या दारात खाट टाकलेली, नाकात नळी, आणि मला काय वाटलं, तर आपल्याला तीन मार्क जास्त आहेत. आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला हृदयही उत्तरपत्रिकेसारखं दिसतं.

नर्सने पडदा सरकवला तेव्हा तो दिसला. खाटेवर सरळ बसून स्वतःच्या सलाईनच्या थेंबांचा वेग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघत होता. शहर बसच्या, स्वारगेटकडच्या वर्कशॉपमध्ये तो फोरमन होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी धायरीत त्याला सगळे फोरमनच म्हणत. त्याच्या बायकोलासुद्धा, म्हणजे आमच्या वहिनींना, मी त्याचं नाव घेताना कधी ऐकलं नाही. त्याही "आमचे फोरमन" असंच म्हणायच्या. शिक्षण दहावी आणि आयटीआय. मॅडम संध्याकाळी आल्या तेव्हा त्याने त्यांना विचारलं, "म्हणजे बाई, डबा भरतो शंभराचा आणि पंप फेकतो बावीस. बाकीचं आतच फिरतं. बरोबर?"

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पण नॉर्मल माणसाचाही शंभर फेकत नाही. पंचावन्न-साठ म्हणजे उत्तम."

"आणि हे बावीसचं पंचावन्न होऊ शकतं?"

"तुमच्या प्रकारात होऊ शकतं. सगळ्यांचं होत नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी, पाणी मोजून, रोज वजन. सहा महिन्यांनी बघू. पस्तीसच्या वर आलं नाही तर मग छातीत मशीन बसवायचा विचार करावा लागेल. असं हृदय अचानक थांबू शकतं, तेव्हा ते मशीन धक्का देतं."

पस्तीस! बघा, पास व्हायची अट तिथेही पस्तीसच. मी मनातल्या मनात फोरमनकडे पाहून म्हटलं, बघू या, बेट्या.

डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तशीच करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फोरमनने घरातला वजनकाटा संडासाच्या दाराशी ठेवला होता: आधी आत जायचं, मग काट्यावर, मग चहा. चहा अर्धा कप, तो मोजलेल्या पाण्यात धरायचा. दिवसाचं पाणी तो सकाळीच बाटल्यांत भरून ठेवायचा. पाहुण्याने एक बाटली उचलली की अस्वस्थ व्हायचा. आमटीत मीठ नाही. वहिनीही त्याच्यासोबत अळणी जेवायच्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कशाला शिक्षा?" त्या म्हणाल्या, "दोन भांडी कोण घासणार सर? आणि आता सवय झाली, बाहेरचं खारट लागतं." मीठ वगळण्याचं त्यांच्या घरी इतकं साधं झालं होतं. माझ्या घरी मात्र माझी बायको नीला अळणी भाजी वाढायची आणि मी ती उठून गेली की बरणीतली कैरी काढायचो. ती परत यायची, माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "अहो, निदान हनुवटी तरी पुसा."

पाणी साठण्याचं फोरमनने मला जे समजावलं ते मी तीस वर्षं द्रवांची गती शिकवूनही कधी कुणाला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. कालव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, तिकडे खडकवासल्याचं गेट अर्धंच उघडलं की पाणी कुठे जातं? मागे. मागे फुगतं, कडेच्या शेतात शिरतं. तुमचे पाय म्हणजे ती शेतं. त्यात तुम्ही मीठ टाकता, म्हणजे वरून पाऊस पाडता." मी म्हणालो, "हो, हे माहितीय मला." तो म्हणाला, "माहिती असतं तर लोणचं खाल्लं नसतं." पुण्यात वाद जिंकायला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

सहा महिन्यांनी आमचे इको एकाच दिवशी झाले. फोरमन, पंचेचाळीस. मी, एकोणतीस.

मॅडम त्याच्याकडे बघून अशा हसल्या की मला माझ्या वर्गातला बोर्डात आलेला मुलगा आठवला. मग माझा कागद हातात घेऊन त्यांनी जो चेहरा केला, तोच मी नापास मुलांच्या आयांसमोर करत आलेलो आहे. "सर, थोडा वेळ देऊ या," म्हणाल्या. "काहींना वेळ लागतो." बाहेर रिक्षाची वाट बघत असताना फोरमन एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. विजयी माणसाने गप्प बसणं फार जिव्हारी लागतं.

तिथून पुढे माझा खरा आजार सुरू झाला. हृदयाचा नव्हे. तो दुसरा. मला बाकावर यायला उशीर झाला की फोरमन तीन मजले चढून माझ्या घरी यायचा आणि दारात उभा राहून धाप न लागता "चला" म्हणायचा, तेव्हा मला त्याचा श्वाससुद्धा आगाऊ वाटायचा. तो चालताना माझ्यासाठी वेग कमी करायचा, तेही मला सहन होत नसे. मी म्हणायचो, "तुम्ही व्हा पुढे." तो म्हणायचा, "पुढे काय आहे?" कधी तो बोलता बोलता नातवाला खांद्यावर घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढल्याचं सांगायचा, सहज, फुशारकी नाही, आणि मी मान डोलवून मनात म्हणायचो, पडला का नाही कुठे?

पुढचा इको मी परीक्षेसारखा घेतला. आदल्या आठवड्यात बीट खाल्लं, डाळिंब खाल्लं, दुपारी झोपलो, मनात वाईट विचार आणले नाहीत. तंत्रज्ञ मुलीने छातीवर गार जेल लावून यंत्र फिरवायला सुरुवात केली तसा मी श्वास रोखून हृदयाला जोर लावला. ती म्हणाली, "काका, हे मोजायचं असतं. वाढवायचं नसतं." आकडा आला तेहतीस. दोन मार्कांनी गेलो.

मग मी पुनर्मूल्यांकनाला गेलो. खरंच. घरी न सांगता पार दुसऱ्या टोकाच्या एका केंद्रात जाऊन पुन्हा इको करून आलो. तिथे अडतीस आले. मी पेढे घेतले (नीलाने ते शेजारी वाटले, मला एकही मिळाला नाही) आणि दुसऱ्या दिवशी कालव्यावर कागद फडकवत फोरमनला गाठलं. त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "सर, हाताने मोजायचं काम आहे, पाच इकडे-तिकडे होतात. शेजारच्याच्या काट्यावर उभं राहून कुणी बारीक झालंय का?"

मॅडमनी मात्र छातीत मशीन बसवायचा विषय पुढे ढकलला. म्हणाल्या, गोळ्यांचा डोस वाढवू, तीन महिने नीट घ्या. नीट घ्या म्हणताना त्या माझ्याकडे न बघता नीलाकडे बघत होत्या.

याच काळात एकदा फोरमनचा आकडा खाली आला. तोवर तो छप्पन्नवर पोचला होता, तिथून सेहेचाळीस. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी "अरेरे" म्हणालो, फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणायला लागलो. नीलाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "फोरमनचं पंपिंग उतरलं." ती पोळी लाटायची थांबली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गुणगुणणं गिळलं. संध्याकाळी मी धायरीला त्याच्या घरी गेलो. सांत्वन करायला. इतकं मन लावून सांत्वन मी कुणाच्या मयतालाही केलेलं नाही. "होतं असं," मी म्हणालो, "खचून जायचं नाही. आकड्यात काय आहे? मी बघा तेहतिसात सुखी आहे." फोरमन ऐकत होता. वहिनींनी अळणी पोहे आणून ठेवले. मी तेही आनंदाने खाल्ले. सगळं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "दुपारी परत केला इको. पहिल्या वेळी ठोके अनियमित पडत होते तेव्हा मोजलं गेलं. सत्तावन्न आहे." मग माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवून म्हणाला, "प्या. ठसका लागेल."

त्याला सगळं कळत होतं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला वॉल्व्ह घासतोय ते सांगणाऱ्या माणसाला माझं मन ऐकू येत नसेल? पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही आणि पावणेसातला वाकायचं कधी चुकवलं नाही. उलट त्या दिवसानंतर तो सकाळी साडेसहाला फोन करायला लागला. पलीकडून एकच शब्द: "वजन?" मी आकडा सांगायचा. फोन बंद. काल आणि आज यात किलोभर फरक पडला की तो त्या सकाळी पाच मिनिटं लवकर यायचा.

मत्सरात एक गुण आहे, तो माणसाला कामाला लावतो. फोरमनला हरवायचं म्हणून मी खरंच नीट गोळ्या घेऊ लागलो, कैरीची बरणी नीलाच्या माहेरी गेली, आणि दीड वर्षांनी एका सकाळी मॅडमनी कागदावरून मान वर केली आणि हसल्या. तेच हसू, बोर्डात आलेल्या मुलाचं. "सर, पन्नास!"

आता शहाणा माणूस काय करेल? देवाचे आभार मानेल, मॅडमचे मानेल, गेला बाजार फोरमनचे मानेल. मी हिशोब मांडला की फोरमन सत्तावन्नवर आहे खरा, पण तो गोळ्यांच्या जोरावर. आपण जर गोळ्यांशिवाय पन्नास टिकवले, तर खरा पहिला नंबर कुणाचा? हा विचार मला इतका आवडला की मी त्याच दिवसापासून अमलात आणला. रोज सकाळी गोळी पाकिटातून दाबून काढायची, नीलाला हातात दिसेल अशी धरायची, आणि पाण्याचा पेला घेऊन बाल्कनीत जायचं. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी होती. गोळी तिथे, पाणी पोटात.

पहिला महिना मी मैदान मारल्यासारखा फिरलो. खरंच हलकं वाटत होतं. गोळ्यांमुळे सकाळी उठल्यावर चक्कर यायची, तीही थांबली. कुणालाही सांगितलं नाही. सहा महिने काढू आणि मग एकदम फोरमनसमोर पत्ते उघडू, असा बेत होता. दुसऱ्या महिन्यात उशा एकाच्या दोन लागायला लागल्या. मी हवामानाला दोष दिला. तिसऱ्या महिन्यात पाय जड झाले, आणि आता पावणेसातचा तो अंगठा माझा शत्रू झाला. मी गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालायला लागलो. म्हणायचो, "आज राहू द्या, थंडी आहे." एप्रिल महिना होता. कधी तो यायच्या आधीच चालायला लागायचो, तर शंभर पावलांवर थांबून झाडं बघायचो. फोनवर वजनही मी मनाला येईल ते सांगत होतो. नापास व्हायला लागलेला मुलगा घरी प्रगतिपुस्तक दाखवत नाही, तसला प्रकार.

फोरमनने चार दिवस हे चालू दिलं. पाचव्या दिवशी तो आला, वाकला नाही, उभ्या उभ्या माझ्या बुटांकडे बघत राहिला. "सर," म्हणाला, "नाडी सैल बांधलीय तुम्ही. दोन भोकं रिकामी सोडलीत."

"बूट घट्ट होतात हल्ली."

"बूट वाढत नसतो आणि आटतही नसतो." मग तो खाली बसला, वाकला नाही, मांडी घालून सरळ मातीत बसला, माझा मोजा काढला आणि अंगठा दाबला. पाच मोजायची गरजच नव्हती. त्याचा अंगठा अर्ध्या नखापर्यंत आत गेला. काढल्यावर तो खळगा तिथे राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"कधीपासून बंद आहेत?" त्याने विचारलं. काय बंद आहे ते तो म्हणालाही नाही.

"तीन महिने," मी म्हणालो.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं आता तो मला फाडून खाणार. त्याने रिक्षावाल्याला इस्पितळाचा पत्ता सांगितला. एका सिग्नलला म्हणाला, "आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. म्हणाला, फोरमनसाहेब, ब्रेक हल्ली फार छान लागतात, आता ऑइल कशाला बघायचं? मी त्याला म्हटलं, छान लागतात कारण बघतो." आणि वर म्हणाला, "तो निदान अडाणी होता."

आकडा आला अठ्ठावीस. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, "सर, तुमचं हृदय सुधारलं होतं. बरं झालं नव्हतं. औषधांनी ते धरून ठेवलं होतं. आता परत वर येईल की नाही, मला शब्द देता येत नाही." नीला शेजारी उभी होती.  घरी जाऊन तिने कढीपत्त्याची कुंडी उपसली आणि त्या मातकट, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या एका वाटीत घालून माझ्या खाटेशेजारी ठेवल्या. कितीतरी दिवस ती वाटी तिथेच होती.

मी तेव्हा फोरमनला सांगून टाकलं. सगळं. तीन मार्कांच्या आनंदापासून कुंडीपर्यंत. वाटलं, आता पावणेसात संपलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आमच्या वर्कशॉपमध्ये एक जण होता. माझ्याहून चांगलं इंजिन बांधायचा. बारा वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नाही नीट. तो गेला आणि मग माझ्या बरोबरीचं बांधणारा कुणी उरला नाही. काय उपयोग?" आणि उठता उठता म्हणाला, "उद्या वजन खरं सांगा."

अठ्ठावीसवरून मी परत चढलो, पण पायरी पायरीने. एकतीस, छत्तीस, एक्केचाळीस. एक्केचाळीस आले तेव्हा फोरमनने मला म्हटलं, "आता तुम्हीच वाकून बघत जा ना, सर. दम लागत नसेल." मी म्हणालो, "नको. तुमचा अंगठा आता सरावलाय." खरं कारण तेच, जुनं: त्याने खाली वाकावं आणि मी बाकावर बसावं हे मला अजून आवडत होतं. आणि दुसरं, म्हटलं तर त्याहून जुनं: वाकून बघायची भीती वाटत होती. दम लागला तर?

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी साडेसहाला फोन आला नाही. पावणेसातला कुणी आलं नाही. साडेसातला त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. बाबांना मेंदूत रक्तस्राव झालाय, आयसीयूत आहेत.

उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. तिसऱ्या दिवशी मला दोन मिनिटं आत सोडलं. त्याने मला ओळखलं. डावा हात चादरीवरून वर केला आणि अंगठा उभा केला. नर्स आनंदाने म्हणाली, "बघा, सगळ्यांना असंच करतात. ठीक आहे म्हणतात." वहिनी डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "कालपासून अंगठाच दाखवतायत."

मला कळलं तो काय म्हणतोय. तो ठीक आहे म्हणत नव्हता. चौकशी करत होता.

मी न वाकता, डाव्या पायाने रेटून उजवा बूट आणि मोजा काढला, खाटेच्या दांड्याला धरून पाय उचलला आणि त्याच्या हाताशेजारी, पांढऱ्या चादरीवर ठेवला. नर्स ओरडली, "अहो काका! काय करताय? पाय काढा!" वहिनींनी तिचा हात धरला. फोरमनचा अंगठा चाचपडत नडगीपाशी आला आणि टेकला. दाबायची ताकद त्यात उरली नव्हती, नुसता टेकून राहिला. मी एका पायावर उभा राहून मोठ्याने पाच मोजले. "रस्ता क्लिअर," मी म्हणालो. त्याने डोळे मिटले.

बाहेर आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी प्रज्ञाला सांगितलेलं माझ्या कानांवर पडलं, "हार्ट मात्र वयाच्या मानाने फारच छान आहे." आणि खोटं का बोलू, त्या क्षणीही मी त्याच्या सत्तावन्नातून माझे एक्केचाळीस वजा करून बघितलेच.

दोन दिवसांनी तो गेला. धायरीच्या घरी त्याला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं, उशाशी बुद्धाची मूर्ती आणि मेणबत्ती. भंते त्रिशरण म्हणत होते आणि मागून सगळे म्हणत होते. वर्कशॉपची माणसं रांगेने येऊन पायांवर डोकं ठेवत होती. माझी पाळी आली. मी वाकलो. हात पायांना लावला, आणि माझ्याही नकळत माझा अंगठा वर सरकून त्याच्या नडगीवर टेकला. दाबला. एक, दोन, तीन, चार, पाच. उचलला.

खळगा नव्हता. शेवटच्या पेपरातही पैकीच्या पैकी.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी इतका वेळ वाकलेलाच आहे, आणि मला दम लागलेला नाही. मी आणखी एकदा पाच मोजले, खात्री करायला. नाही लागला. ही बातमी ज्याला सांगायची तो समोर होता, आणि ती सांगायला मी आयुष्यात पहिल्यांदा उशीर केला होता.

रांगेत माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "कोण हो हे? किती वेळ पाय धरून आहेत." दुसरा म्हणाला, "फार मानत असणार त्यांना."

मी खुलासा केला नाही.